३४० हत्यारांचं रुखवत

मॅट्रिअक्सचा मेन्यू म्हणजे लग्नातलं रुखवत. टेहळणी, स्कॅनिंग, हल्ला, फ्रेमवर्क, रेडिओ, डिजिटल फोरेन्सिक्स, डीबगर, ट्रेसर, फझर... ताटामागून ताटं मांडलेली. येणाऱ्याने बघावं, ‘केवढं केलंय हो!’ म्हणावं आणि पंगतीकडे वळावं. रुखवतातला लाडू कुणी उचलून तोंडात टाकत नाही.

हे कुचेष्टेने म्हणत नाही. रुखवत मांडायला कष्ट लागतात, आणि मॅट्रिअक्सवर कष्ट झालेले दिसतात. ही भारतात तयार झालेली लिनक्स डिस्ट्रिब्युशन, सुरक्षा-चाचणीसाठी, पेनड्राइव्ह किंवा डीव्हीडीवरून थेट चालणारी. पहिली आवृत्ती २००९ मध्ये आली, तिचं नाव लिथियम. मग झेनॉन, २०११ मध्ये क्रिप्टॉन, २०१२ मध्ये एक्सेन्ट्रिक आणि सप्टेंबर २०१३ मध्ये लिएन्ड्रोस. सुरुवातीच्या आवृत्त्या उबुंटूवर बेतलेल्या होत्या, क्रिप्टॉनपासून पाया डेबियनचा झाला. झेनॉन आणि क्रिप्टॉन हे सहसा कशाशीच संयोग न पावणारे वायू. समोरच्या संगणकाच्या डिस्कला स्पर्श न करता काम करायचं, अशा सिस्टिमला याहून चपखल नाव मिळणं कठीण. पुढे नावांतली ही गंमत गेली.

पुण्याशी मॅट्रिअक्सचं नातं क्लबहॅकमुळे. क्लबहॅक ही पुण्यात २००७ साली सुरू झालेली हॅकर्सची परिषद. गोव्यातली नलकॉन सुरू झाली २०१०मध्ये, त्याच्याही आधीची ही गोष्ट. ‘हॅकर’ हा शब्द पेपरात फक्त गुन्ह्यांच्या बातमीत यायचा, त्या काळातली. या मंडळींनी २०१०पासून एक मासिकही काढलं, पीडीएफ, फुकट. त्यात सदरं होती ‘टेक ग्यान’, ‘टूल ग्यान’, ‘लीगल ग्यान’, आईवडिलांना समजेल अशा भाषेतलं ‘मॉम्स गाइड’, आणि ‘मॅट्रिअक्स विभाग’. लिथियम आली तेव्हा मी शाळेत होते. हे अंक मी वाचले ते नंतर, इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, सबमिशन सोडून. त्यातल्या लेखांनी मला जे दिलं आणि त्या डिस्ट्रिब्युशनने जे दिलं, यात बराच फरक आहे. तो फरक का पडतो, हे मला इथे मांडायचं आहे.

साहित्याच्या अंकात लिनक्सची समीक्षा कशाला, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की डिस्ट्रिब्युशन बनवणं हे संपादनाचं काम आहे. आत जी साधनं असतात त्यातलं जवळजवळ काहीच बनवणाऱ्याने लिहिलेलं नसतं. नेटवर्क तपासणारं एनमॅप १९९७ सालचं आहे, कर्नल लिनस टोरवाल्ड्सपासून सुरू होऊन हजारो लोकांनी लिहिलेला आहे. डिस्ट्रिब्युशनवाला काय करतो? निवडतो, क्रम लावतो, कोणती गोष्ट आपोआप चालू होईल आणि कोणती सांगितल्याशिवाय होणार नाही हे ठरवतो, आणि गाळतो. म्हणजे प्रातिनिधिक कवितांच्या संग्रहाला जे प्रश्न विचारतो तेच इथेही विचारता येतात. हेच का? याच क्रमाने का? कुणासाठी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय घेतलं नाही?

आधी लाइव्ह सिस्टिम म्हणजे काय ते थोडक्यात. पेनड्राइव्हवर अख्खी सिस्टिम दाबून भरलेली एक फाइल असते, फक्त वाचता येणारी. तिच्यावर रॅममध्ये एक पातळ थर पसरलेला असतो आणि तुम्ही जे काही बदलता ते त्या थरावर लिहिलं जातं. टेबलाच्या काचेखाली नकाशा ठेवलाय आणि तुम्ही काचेवर स्केचपेनने खुणा करताय असं समजा. संगणक बंद केला की काच पुसली जाते. ही युक्ती लोकांपर्यंत पोचवली ती २००० साली क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्सने. सुरक्षा-चाचणीवाल्यांनी ती उचलली, कारण त्यांना दोन गोष्टी हव्या असतात. दर वेळी तीच स्वच्छ सिस्टिम मिळावी, आणि ज्याचा संगणक तपासतोय त्याच्या डिस्कवर आपले ओरखडे उमटू नयेत. २००६ मध्ये बॅकट्रॅक आलं आणि पुढची सात वर्षं या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या बॅगेत तेच होतं.

मॅट्रिअक्स आलं ते बॅकट्रॅकच्या भर ऐन्यात, आणि ते शेवटपर्यंत बॅकट्रॅकशीच बोलत राहिलं. लिएन्ड्रोसची ओळख करून देताना पहिला आकडा येतो तो ३४०चा. ३४०हून अधिक साधनं. या सगळ्यांना मिळून मॅट्रिअक्सने दिलेलं नाव आहे ‘आर्सेनल’. शस्त्रागार.

मला हा शब्द खटकतो. मराठीत आपल्याकडे ‘हत्यार’ हा फार सोयीचा शब्द आहे. लढणाऱ्याच्या हातातलंही हत्यार आणि सुताराच्या पिशवीतलंही हत्यारच. करवत, रंधा, पटाशी, गुण्या ही हत्यारं. पण शस्त्रागाराची शोभा संख्येत असते, सुताराच्या पिशवीची नसते. काम बघून पिशवी भरलेली असते. दाराची चौकट बसवायला येणारा सुतार कातकामाचं सामान खांद्यावर घेऊन येत नाही. चांगल्या कारागिराची पिशवी उघडली की त्याचं काम काय आहे ते न सांगता कळतं. ३४० साधनांच्या मेन्यूवरून मला ते कळत नाही. वायरलेस तपासणाऱ्याचं आहे का? हार्ड डिस्कमधून पुरावा काढणाऱ्याचं? वेबसाइटवाल्याचं? सगळ्यांचं आहे, असं उत्तर येईल. सगळ्यांसाठी काढलेला दिवाळी अंक कसा असतो ते आपण दरवर्षी बघतोच.

पुण्यात हा विषय कोरडा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. बँक १९०६ सालची, मुख्यालय पुण्यात. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांमधल्या एटीएममधून नकली कार्डांवर पैसे निघाले आणि १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एटीएममधून आलेली मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे न जाता मधल्या मधे एका बनावट स्विचकडे वळवली गेली, आणि तो ‘द्या पैसे’ म्हणत राहिला. या घटनेतलं मर्म कुठल्याही एका साधनात सापडत नाही. कोण कुणाला काय विचारतं आणि उत्तरावर कोण विश्वास ठेवतं, हे कागदावर काढून बघावं लागतं. गवंड्याच्या ओळंब्यासारखं काम आहे ते. दोरी आणि खाली वजन, बस्स. पण भिंत तिरपी आहे हे ओळंब्यालाच कळतं, आणि मेन्यूतल्या नऊ ताटांत मला ओळंबा दिसत नाही.

आता ‘मॅट्रिअक्स विभाग’ बघा. मासिकाला रुखवत मांडता येत नाही, कारण पानं मोजकी. महिन्याला एक लेख. त्यामुळे लिहिणाऱ्याला ताटातली एकच गोष्ट उचलावी लागते, तिची चव सांगावी लागते, ती कधी खाऊ नये तेही सांगावं लागतं. एक साधन, ते कशासाठी, कसं चालवायचं, दिसणाऱ्या उत्तराचा अर्थ काय. लेखन काही ठिकाणी घाईचं आहे, इंग्रजी ओबडधोबड आहे. तरीही तिथे निवड आहे. शिवाय त्याच अंकात ‘लीगल ग्यान’ असायचं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा, त्यातल्या मोठ्या दुरुस्त्या लागू झाल्या २७ ऑक्टोबर २००९ला. म्हणजे लिथियमच्याच वर्षी. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणं हे कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साधन शिकवणारं पान आणि हे पान एकाच अंकात असणं, याला मी संपादन म्हणते. मेन्यूत ही सोबत मिळत नाही.

(जाता जाता: पुण्यातून निघणाऱ्या मासिकाने ‘ग्यान’ का लिहावं? आपण ‘द्न्यान’ म्हणणारी माणसं. हा तक्रारीचा सूर वाटेल, पण या ‘ज्ञ’चा विषयाशी थेट संबंध आहे. पुढे येतोच.)

लिएन्ड्रोसच्या सहा महिने आधी, १३ मार्च २०१३ला, बॅकट्रॅकच्या मंडळींनी बॅकट्रॅक बंद करून काली आणलं. लोकांना आठवतो तो ड्रॅगन. खरा बदल वेगळाच होता. बॅकट्रॅकमध्ये साधनं एका वेगळ्या फोल्डरात कोंबलेली असायची, एखाद्या घरातल्या माळ्यासारखी. कालीने त्यांची रीतसर डेबियन पॅकेजेस केली, आणि आयएसओ बांधायची कृतीच उघडी केली. डेबियनचं लाइव्ह-बिल्ड वापरून कुणीही आपलं काली बांधू शकतो. एक फोल्डर असतो. त्यात पॅकेजांची यादी, साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक नाव. सिस्टिमच्या आत जशाच्या तशा जाणाऱ्या फाइली. आणि बांधणी चालू असताना चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, ज्यांना हुक म्हणतात. दोन कमांड द्यायच्या आणि चहा घेऊन यायचं. इथून पुढे वाचकाच्या हातात ताट न येता पाककृती येऊ लागली. ‘तुमच्यात साधनं किती?’ हा प्रश्नच त्यामुळे जुना झाला, आणि लिएन्ड्रोस त्याच प्रश्नाचं उत्तर घेऊन उभं राहिलं.

काली निर्दोष आहे असं मुळीच नाही. त्याचे पॅकेज-संच बघा: डीफॉल्ट, लार्ज, एव्हरीथिंग. थाळी, मोठी थाळी, अमर्याद थाळी. त्यात एक टॉप १० नावाचा संच आहे, एनमॅप, वायरशार्क, हायड्रा, जॉन, एसक्यूएलमॅप वगैरे, आणि माझ्या मते सगळ्या कालीत संपादकाचा हात दिसतो तो तिथेच. २०१९च्या शेवटी त्यांनी ‘अंडरकव्हर’ नावाची सोय आणली. एक कमांड दिली की सगळा पडदा विंडोज १०सारखा दिसू लागतो, म्हणजे कॅफेत बसलात तरी शेजारच्याला संशय येऊ नये. आपल्या दिसण्याचीच आपल्याला अडचण झालीय, अशी याहून प्रामाणिक कबुली मी दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलेली नाही.

आणि पाककृती हाती आल्यावर लोकांनी काय केलं? नाव बदललं, ड्रॅगन काढून वाघ लावला, टर्मिनल हिरवं केलं. पुण्यात एथिकल हॅकिंगच्या क्लासच्या पाट्या कमी नाहीत. त्यातल्या एकाने आपली स्वतःची डिस्ट्रिब्युशन काढल्याचं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. उघडून बघितलं तर कालीची यादी जशीच्या तशी, वॉलपेपरवर क्लासचा फोन नंबर. रुखवतावर आता वधूपक्षाचं नाव आलं होतं, एवढंच.

मग ‘आपल्याला हवी तशी’ याचा अर्थ काय? मी कामानिमित्त अशा सिस्टिम बांधते, त्यामुळे मला याचं उत्तर फार रुक्ष ठिकाणी सापडलं. घड्याळात. विंडोज संगणकाच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी आहे असं धरून वाचतं. टाइमझोन कोलकाता असेल तर सकाळी ११ वाजता पडद्यावर दुपारचे साडेचार दिसतात. ते निदान लक्षात तरी येतं. टाइमझोन मुळातला यूटीसीच राहू दिला तर पडद्यावर ११च दिसतात, सगळं ठीक वाटतं, आणि प्रत्येक नोंदीपुढे मात्र यूटीसी असं लिहिलं जातं. नंतर तुमची नोंद आणि सर्व्हरची नोंद शेजारी ठेवली की साडेपाच तासांचा खड्डा. एरवी नेटवर्कवरून वेळ दुरुस्त होते, पण तपासणी करताना आपण मुद्दाम इंटरनेट तोडलेलं असतं. बूट होताना द्यायच्या दोन छोट्या सूचनांनी हे मिटतं. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला हिवाळ्यात हा प्रश्न जाणवतच नाही. भारतीय डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय, याचं माझ्या लेखी पहिलं उदाहरण हे.

दुसरं उदाहरण प्रिंटरचं. शहरातल्या एका पतसंस्थेत लेखी परवानगी घेऊन तपासणी होती. मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मॅडम, हे चालू असताना छपाई थांबणार नाही ना?” हा प्रश्न एनमॅप लिहिणाऱ्यांनाही पडलेला आहे. नेटवर्क प्रिंटरच्या ९१०० या पोर्टवर तुम्ही जे पाठवाल ते बरेच प्रिंटर कागदावर छापून मोकळे होतात. म्हणून कोणती सेवा कोणत्या आवृत्तीची आहे हे ओळखताना एनमॅप ९१०० ते ९१०७ पोर्टांना मुळातूनच वगळतं. मेन्यूतलं अमुक एक ‘सगळं तपासा’ छाप साधन तसं करेलच असं नाही. माझ्या यादीतून अशी साधनं गेली. वेगाच्या मर्यादा एका फाइलीत घालून ठेवल्या. नेटवर्क आपोआप जोडलं जात नाही, समोरची डिस्क आपोआप उघडली जात नाही, स्वॅप वापरला जात नाही. शेवटच्या दोन गोष्टी कालीच्या फोरेन्सिक मोडमध्ये आहेत आणि त्या तिथूनच घेतल्यात. चांगलं तिथे चांगलं म्हटलंच पाहिजे.

आता ‘ज्ञ’. पासवर्ड किती कच्चे आहेत हे तपासताना शब्दांची यादी लागते. कालीत येते ती रॉकयू. २००९च्या डिसेंबरात रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीतून ३ कोटींहून अधिक पासवर्ड उघडे पडले, त्यातले वेगवेगळे सुमारे १ कोटी ४३ लाख. जगभर आजही तीच यादी चालते. आता आपल्याकडचा पासवर्ड आठवा. मुलाचं नाव आणि जन्मवर्ष. कुलदैवत आणि १२३. गावाचं नाव आणि गाडीचा नंबर. आणि ती नावं रोमनमध्ये कशी लिहिली जातात ते बघा. ‘ज्ञानेश्वर’ मराठी माणूस डी-एन-वायने सुरू करतो, हिंदी माणूस जी-वायने. ‘ळ’साठी कुणी एल लिहितं, कुणी दोन एल. ‘वैष्णवी’त व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की ईई. बाहेरच्या यादीला यातलं थोडंबहुत सापडेल, पण हा तिचा प्रांत नाही. कुणीतरी बसून मराठी नावं, गावं, देवस्थानं आणि ती लिहिण्याच्या आपल्या सवयी यांचे नियम लिहायला हवेत. ते काम भाषा कळणाऱ्याचं आहे. त्याला हल्लेखोराचा वेष लागत नाही, शाळेच्या हजेरीपटाकडे लक्ष लागतं. एवढं झालं की त्या पतसंस्थेतल्या काउंटरवरच्या ताईंना दाखवता येतं की ‘तुमचा पासवर्ड कुणी ओळखणार नाही’ हे का खरं नाही. तेही कुणाचा पासवर्ड उघड न करता, नुसते नियम दाखवून.

आणि एक फाइल अशी, जी मी कुठल्याही सुरक्षा-डिस्ट्रिब्युशनमध्ये बघितली नाही: परवानगीपत्राचा मराठी नमुना. कोण तपासणार, कोणते संगणक, कोणत्या तारखा, काय करणार नाही, काही बिघडलं तर फोन कुणाला. सिस्टिम सुरू झाली की तो डेस्कटॉपवर समोरच असतो. इंग्रजी पत्रावर सह्या होतात, पण वाचलं जात नाही. मराठी पत्र त्या मॅनेजरसाहेबांनी चष्मा लावून ओळ न ओळ वाचलं आणि ‘काय करणार नाही’मध्ये स्वतःच्या हाताने दोन मुद्दे वाढवले. पुढच्या बांधणीत ते दोन्ही नमुन्यात गेले.

हे सगळं मिळून माझ्या यादीत ३१ पॅकेजेस आहेत. कुणी म्हणेल, हे म्हणजे कालीच्या खांद्यावर बसून मॅट्रिअक्सच्या उंचीला हसणं झालं. आक्षेप बरोबर आहे. कालीमागे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं विकणारी कंपनी आहे, तशी मॅट्रिअक्सच्या पाठीशी नव्हती. २००९ मध्ये ‘आपण वापरतो ते साधन आपणही बांधू शकतो’ हे दाखवणंच मोठं होतं, आणि ते त्यांनी पाच आवृत्त्या काढून दाखवलं. ते श्रेय आकड्यावरून जात नाही. पण समीक्षेत कष्टांचा हिशोब वेगळा आणि कृतीचा वेगळा ठेवावा लागतो.

शिवाय या कृतींना वय फार लवकर चढतं. लिएन्ड्रोस २०१३ची. त्यानंतर प्रकल्प थंडावला. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड सापडलं, सप्टेंबर २०१४ मध्ये शेलशॉक, ऑक्टोबर २०१६ मध्ये डर्टी काऊ. शेलशॉक त्याआधीच्या प्रत्येक बॅशमध्ये होतं, डर्टी काऊ २००७पासूनच्या कर्नलमध्ये. म्हणजे लिएन्ड्रोसची आयएसओ आज तुम्ही चालवलीत तर इतरांची दारं तपासायला निघालेल्या माणसाच्या स्वतःच्या घराला कडी नाही अशी गत. पाककृती असती तर आज नव्या डेबियनवर पुन्हा शिजवता आली असती, निम्मी साधनं गाळून, नवी घालून. बांधलेल्या आयएसओला तो मार्ग नाही.

माझ्याकडे ती आयएसओ एका व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे, नेटवर्क कार्ड काढून टाकलेल्या. ‘मॅट्रिअक्स विभाग’चे अंक फोनमध्ये आहेत. त्यातले पत्ते बदललेत, आवृत्त्या जुन्या झाल्यात, तरी उत्तराचा अर्थ कसा लावायचा ते सांगणारे परिच्छेद मी अजून नव्याने लागलेल्या मुलांना पाठवते.